बाईंचं लाल झुरळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं तेव्हा शाळेबद्दल सगळंच लिहायचं ठरवलं होतं. पण गाडी दरवेळी जीवशास्त्राच्या बाईंपाशीच येऊन थांबते. बाकीच्या गुरुजनांची आधीच क्षमा मागते.

बाईंचं नाव लिहायला नकोच. जिन्यावरून "जर्नल पुरी झाली का?" असा आवाज आला की सायन्सची मुलं कुठे लपायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बारावीला झुरळाचं विच्छेदन होतं. पचनसंस्था नीट दाखवता आली की बोर्डापुरतं भागायचं. त्या वर्षी बाईंनी आदल्या दिवशीच काही झुरळांना बारीक सुईने कार्माइनचा लाल रंग टोचला आणि झाकणाला भोकं पाडलेल्या हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवून दिली. शिपाईकाका ती बाटली फेकायलाच निघाले होते. दुसऱ्या दिवशी ट्रेमधल्या मेणावर बाईंनी झुरळ पालथं टाचलं, पाण्याखाली दोन्ही कडा कातरल्या आणि पाठीची कवचं अलगद उचलून उलटी धरली. आतून मधोमध हृदयाची नळी, तेरा कप्प्यांची. आणि तिच्या दोन्ही अंगांना लालचुटूक ठिपक्यांची रांग.

"बाई, रक्त आलं!"

"झुरळाला कुठलं लाल रक्त? कालचा रंग आहे तो. रक्तातून वाहत आला, तो या पेशींनी ओढून घेतला आणि साठवला. ॲथ्रोसाइट म्हणतात अशा पेशींना."

"बोर्डाला येतं का, बाई?"

"नाही येत. भिंगाला डोळा लाव."

मग तास संपला तरी बाई बोलतच राहिल्या. गणिताचे सर दाराशी ताटकळत उभे! 1882 मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनी इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तेव्हा भटक्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. 1908 साली त्यांना एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या पेशी धावून जातात, गिळतात, पचवतात. झुरळाच्या हृदयाजवळच्या या पेशी मात्र जागच्या हलत नाहीत. समोरून जाणाऱ्या रक्तातले अतिसूक्ष्म कण तेवढे टिपतात आणि पोटात दाण्यांच्या रूपात ठेवून देतात. हा फरक बाईंनी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढला होता. क्लासच्या कुठल्याही नोट्समध्ये तो नव्हता.

आज मी वाशीला पॅथॉलॉजिस्ट आहे. खडीच्या खाणीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा स्लाइडवर येतो, तेव्हा काळ्या कणांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात. आम्ही त्यांना डस्ट सेल म्हणतो. काजळी असेल तर ती बरीच वर्षं तशीच पडून राहते. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाचं तसं नाही. ती गिळणारी पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो उचलते, तीही मरते, आणि दर फेरीला फुप्फुसात व्रण वाढत जातो. (या पेशी मेचनिकॉफ यांच्या भटक्या, गिळणाऱ्या पेशींच्या घराण्यातल्या, ॲथ्रोसाइट नव्हेत. हे लिहिलं नसतं तर बाईंनी स्मरणिकेवरच लाल पेनाने खूण केली असती.)

पत्र आल्यावर बाईंना फोन केला. त्यांच्या मनगटावरचं गोंदण तुम्हा सर्वांना आठवत असेलच. त्यांना सांगितलं की 2018 मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं, गोंदणाची शाई कातडीतल्या अशाच भक्षक पेशी धरून ठेवतात. त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी उचलतात, म्हणून नक्षी जागेवर राहते. बाई म्हणाल्या, "म्हणजे शाई आईच्या वेळचीच, सांभाळणाऱ्या मात्र नव्या. पण अगं, उंदरात दिसलं ना? मग माझ्या हातावर सिद्ध झालं असं लिहू नकोस."

आपली प्रयोगशाळा आता कॉम्प्युटर रूम झाली आहे. काळे कडाप्पे गेले, नळ गेले. झुरळं कापणं थांबलं याचं मला दुःख नाही. उगाच जीव घेण्यात काही अर्थ नव्हता. पण तयार स्लाइड तरी मुलांनी स्वतः भिंगातून पाहाव्यात, पडद्यावरचं चित्र पाहून वही भरू नये. आमची बॅच शाळेला दोन सूक्ष्मदर्शक देते आहे. ते कुलूपबंद कपाटात जाणार असतील तर देऊ नका, असं बाईंनी बजावलं आहे. तेव्हा ते कुठे मांडणार आणि मुलांना कोणत्या तासाला मिळणार, एवढं शाळेने आधी कळवावं.