मागणी मान्य झाली नाही, तरीही?

आमच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एक निबंध असतो: दिलेल्या लेखी युक्तिवादाचं मूल्यमापन. लेखकाचं म्हणणं तुम्हाला पटतं का, हा प्रश्न नसतो. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला पटावं म्हणून लेखकाने काय केलं आणि ते कितपत साधलं, हे मांडायचं असतं. यंदा मी दिलं होतं महात्मा जोतीराव फुल्यांचं, इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन, १९ ऑक्टोबर १८८२चं. त्या तासाला फक्त आराखडा करायचा होता.

वह्या बघून कपाळाला हात लावला. 'जोतीराव थोर समाजसुधारक होते' इथून सुरुवात, 'हे विचार आजही लागू पडतात' इथे शेवट, मध्ये निवेदनाचा सारांश. जयंतीच्या भाषणांची सवय, दुसरं काय! थोर माणूस म्हणून त्याचं लिखाण तपासायचंच नाही, हा आदर मला काही पचत नाही.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. "मॅडम, प्रभावी होतं असं लिहायचं तरी कसं? बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. आयोगाने ऐकलं का?"

नव्हतंच ऐकलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी देशभराचा कायदा यायला २००९ उजाडलं. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मग पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "केस हरली म्हणजे वकिलाने बाजू वाईटच मांडली असं असतं का?"

तिथून तास रंगला. मी फळ्यावर एवढंच लिहिलं: वाचणार कोण? समोर सरकारने नेमलेला आयोग, म्हणजे खर्चाचा हिशेब बघणारी माणसं. त्या नजरेने मुलं पुन्हा वाचायला बसली आणि आधी नुसती डोळ्यांखालून गेलेली वाक्यं हाताला लागायला लागली. जोतीराव सुरुवातीलाच सांगतात की आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, आणि पत्नीबरोबर आपण मुलींची शाळा चालवली. खाली सही करताना व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेचे सदस्य, अशी ओळख. दया मागणारा हा माणूस नाही, हे त्या तीन शब्दांत आलं. पुढे सरळ पैशाची गोष्ट: महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर ते प्रश्नांची फैर झाडतात: शिकलेल्यांनी आपल्या घरी तरी कधी अडाण्यांसाठी वर्ग भरवले का? मास्तरांचे पगारसुद्धा आकड्यांत. सध्या क्वचितच दहा रुपयांच्या वर, ते निदान बारा करा, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस. "हे तर बजेट झालं," कुणीतरी म्हणालं. म्हटलं, लिही तसंच.

मग उणिवा. इथे पेनं अडखळली. जवळजवळ नऊ दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, हा त्यांचा सगळ्यात जोरकस आकडा. पण तो 'असं म्हणतात' या आधारावर उभा आहे. कागदपत्रं चाळणारा वाचक तिथेच थबकणार. दुसरं, प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, म्हणून शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, ही मागणी. आणि आयोगाच्या सदस्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते, स्वतः ब्राह्मण. यावर खडाजंगी झाली. निम्मा वर्ग म्हणाला, वाचक दुखावला. उरलेले म्हणाले, हे गाळलं तर निवेदनात उरतं काय? मी निवाडा दिला नाही. दोन्ही बाजू मजकुराच्या आधारे लिहिता येतात, आधार मात्र दाखवायचा.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तिचा आराखडा तासानंतर दाखवला. सुरुवातीलाच तिचा निष्कर्ष: पैशाचा मुद्दा या आयोगासाठी अचूक, आकड्याचा आधार लंगडा. मग ओळख, महसूल, प्रश्नांची फैर, पगार. उणिवा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. सक्तीची मागणी फेटाळली गेल्याचं तिने कुठेच घेतलं नव्हतं. का, म्हणून विचारलं.

"तो आयोगाचा निबंध होईल, मॅडम. हा फुल्यांवरचा आहे."