बेचाळीस हजार चाललेली

मंगळवार, रात्र

जुनी सुपरकार घ्यायचीच, म्हणून आज पुन्हा हिशेब मांडून बसलो. महिन्याला सोलापूरहून पुण्याच्या पाच फेऱ्या, हैदराबादची एक, मध्येच कधी विजयपूर. तीन हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत, म्हणजे वर्षाचे पस्तीस-छत्तीस हजार. एवढं फिरणाऱ्यानं गुमान डिझेल गाडी घ्यावी हे मलाही कळतं. नऊ वर्षं तेच केलं. पण पन्नाशी दोन वर्षांवर आलीय, टॉवेलच्या धंद्यानं गेले दोन सीझन बरे दाखवले, आणि अजून थांबलो तर गुडघेच नको म्हणतील.

पेट्रोल लिटरला आठ किलोमीटर धरलं तर वर्षाला साडेचार हजार लिटर. शंभराच्या वर भाव. पावणेपाच लाख. हा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

तिन्ही गाड्या जुन्याच बघतोय: लॅम्बोर्गिनी गॅलार्डो, ऑडी आर-८ व्ही-१० आणि पोर्शे ९११ टर्बो. पुतण्याचं म्हणणं, "काका, नाइन-इलेव्हन म्हणजे सुपरकार नव्हेच." असेल बाबा. इंजिन मागे, सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि ५२० अश्वशक्ती. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर कुणी प्रमाणपत्र मागणार नाही.

गुरुवार

मुंबईला जाऊन पिवळी गॅलार्डो बघून आलो. नऊ हजार चारशे किलोमीटर. विकणारा ते सारखं सांगत होता, जणू मुलीची पत्रिकाच दाखवतोय. मी खाली वाकून टायरवरचे चार आकडे वाचले: २३१५. म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी, पण कडेच्या रबराला बारीक भेगा. या टायरवर दोनशेचा वेग? मी तर टेंभुर्णीपर्यंतही नेणार नाही. गाडी लिफ्टवर चढवून दाखवा म्हटलं तर "गरजच नाही साहेब". मग आम्हालाही गरज नाही.

गॅलार्डोचा ई-गिअर, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला गिअरबॉक्स, एकाच क्लचवर चालतो. गर्दीत रांगत नेली की क्लच भराभर झिजतो. पहिल्या आर-८ चंही तेच, २०१३ च्या सुमारास तिला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आला. नाहीतर इंजिन दोघींचं एकाच घरातलं, ५.२ लिटरचं, आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. पण आर-८ ला दोनच सीटा. माझी सॅम्पलची बॅग कुठे ठेवू? बायकोच्या मांडीवर?

रात्री अण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. त्यांनी किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही.

"किती वर्सं हुबी हुती?"

अण्णांनी उमेदीत इचलकरंजीहून कापड विणायचे जुने माग आणले होते. त्यांची खोड ठरलेली. चालू कारखान्यातला तेलकट, खडखडणारा माग घ्यायचा. पुसून-रंगवून ठेवलेला बंद माग घ्यायचा नाही. बंद मागाचं चामडं वाळतं, बेअरिंग एका जागी बसून खातं, आडवा धागा नेणारा धोटा पेटीत अडकतो. दिसायला नवा, महिनाभर मिस्त्री घरात. गाडीचं वेगळं काय असतं? ऑइल सील वाळतात, होजा कडक होतात, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी पीत बसतं. आमच्या मे महिन्याच्या उन्हात चाळीसच्या वर पारा गेला की मग एकेक गळायला लागतं.

शनिवार

पुण्यातल्या ९११ टर्बोचा रिपोर्ट आला. मॉडेल २०१४ चं, ४२,००० किलोमीटर. पुतण्या म्हणाला, "एवढी चाललेली?" तेवढ्यासाठीच तर ती स्वस्त आहे!

या गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन किती तास चाललं तेही लिहून ठेवतो. हिचे ७८० तास. ४२,००० ला ७८० नं भागलं तर सरासरी ताशी ५४ च्या जवळ, म्हणजे हायवेवर पळालेली गाडी. सरासरी पंधरा-सोळा आली असती तर एकतर सिग्नलला जळत उभी राहिलेली, नाहीतर मीटर मागे फिरवलेला. शिवाय इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं तेही सहा पायऱ्यांत नोंदलेलं असतं. हिच्या वरच्या तीन पायऱ्या कोऱ्या.

टर्बो एस, म्हणजे याच गाडीची वरची आवृत्ती, का नाही, हे मित्राला फोनवर समजावून थकलो. एसच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट, तो ६०० न्यूटन-मीटरनं आवळावा लागतो. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीचा नट शंभर-सव्वाशेला बसतो. स्टेपनी टर्बो आणि एस दोन्हींत नाही, फोम आणि पंप. रात्री भिगवणच्या पुढे टायर फाटला तर पंक्चरवाला पोरगा त्या एका नटाचं काय करणार? पाच बोल्टचं चाक तरी त्याच्या ओळखीचं असतं.

मागच्या दोन सीटांवर माणूस बसत नाही, पण पाठ आडवी पाडली की सॅम्पलची बॅग बसेल. माप घेतलंय. टाकी ६८ लिटरची, पुण्याला जाऊन-येऊन कशीबशी पुरेल.

धास्ती दोनच गोष्टींची. एक, पेट्रोल. त्या काळच्या युरोपीय गाड्या दहा टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या, पंपावर आता वीस टक्के. गंमत म्हणजे ते इथेनॉल कदाचित आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल. दुसरी, पुढचे रेडिएटर. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि समोरचा सगळा केर गिळतात. गाळपाच्या दिवसांत मोहोळपासून रस्त्यावर पाचटच पाचट, शिवाय दिवे नसलेल्या ट्रॉल्या. तिथे ५२० अश्वशक्ती घेऊन ताशी चाळीसनंच जायचं आहे, हे मनाला आधीच बजावून ठेवलंय.

रविवार

सकाळी टेप घेऊन कारखान्याच्या गल्लीतला गतिरोधक मोजला. नियमाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा हवा. आमचा साडेचौदा सेंटिमीटर उंच, रुंदी दीड फूट. वॉचमनला वाटलं रस्ता रुंदीकरणवाले आले. या टर्बोच्या पुढच्या ओठाला हवेनं फुगणारं रबर असतं, वेग कमी झाला की ते आत ओढलं जातं. तरीही तिरकंच चढवावं लागणार, एकेक चाक, लग्नात पाटावर चढणाऱ्या नवरीसारखं. ते जमलं नाही तर गाडी मागच्या गेटनं. तिथे म्हशी बसतात.

उद्या पहाटे पाचला पुणे. लिफ्टवर चढवून बघायची, बॅटरीच्या उजेडात रेडिएटर बघायचे, टायरचे आकडे वाचायचे, बँकेचा बोजा उतरलाय का ते कागदात बघायचं. एमएच-१३ चा, म्हणजे सोलापूरचा, पत्ता नंतर.

अण्णा म्हणाले, मीपण येतो, इंजिनाचा आवाज ऐकायचाय. एवढ्या खाली बसायला जमेल का विचारलं, तर उत्तर नाही. आत्ता बघितलं, गुडघ्याच्या तेलाची बाटली त्यांनी माझ्या बॅगेत घातलीय.