लादी न फोडता: 40 जणांसाठी मिनी चीजबर्गर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरचे आणि माहेरी आलेल्या लेकीबाळी मिळून आम्ही 40 जण होतो. दुपारी मांडे आणि आमरस, संध्याकाळी गच्चीवर मिनी चीजबर्गर. 20-20 जोडपावांच्या पाच लाद्या, म्हणजे 100 बर्गर. तीन लाद्या चिकनच्या, दोन कच्च्या केळीच्या. शेवटच्या लादीतला बर्गरही पहिलीतल्याइतकाच मऊ आणि गरम निघाला. थंडीपासून जे जुळवत आणलं होतं ते आता बसलं आहे, म्हणून सगळ्या नोंदी एकत्र लिहून ठेवतो.

छोटे बर्गर मोठ्या संख्येने करणाऱ्यांना माझं सांगणं एकच: लादी शेवटपर्यंत फोडू नका. पाव सुटा केला की चारही कडा उघड्या पडतात, वाफ निघून जाते, पाव कोरडा आणि पॅटी गार. 20 पाव एकमेकांना चिकटलेले असले तर फक्त बाहेरच्या ओळीला हवा लागते. लादी आडवी कापायची, खालचा अख्खा थर, वरचा अख्खा थर, मधे सारण, आणि तोडायची ती खाणाऱ्याने.

वाफेचं महत्त्व मला मूळ पद्धत वाचून कळलं. 1921 मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा गावी व्हाइट कॅसल सुरू झालं आणि छोटा चौकोनी बर्गर 5 सेंटला मिळू लागला. त्यांच्याकडे पॅटी कांद्याच्या थरावर शिजते, वर पाव झाकलेला असतो आणि कांद्याची वाफ पॅटीतून पावात चढते. पुढे पॅटीला पाच भोकं पाडायला लागले, त्यामुळे वाफ सरळ वर जाते आणि पॅटी उलटायची गरज राहत नाही. ओक्लाहोमातल्या एल रेनोची तऱ्हा वेगळी. तिथे मांस पुरवून वापरायचं म्हणून 1920च्या दशकापासून पातळ कांदा पॅटीत दाबून तव्यावर खरपूस करतात. दोन्हीकडे मांस गाईचं. आपल्याकडे मी चिकनच धरून चाललो, आणि चिकन फार रुक्ष असल्यामुळे त्याला वाफेची गरज गोमांसापेक्षाही जास्त आहे.

पाव

बेकरीतली लादी चालते, पण ती दुसऱ्या दिवशी चुरते आणि आडवी कापताना मधेच तुटते. म्हणून पाव घरीच. एका लादीचं प्रमाण असं: मैदा 450 ग्रॅम, दूध 200 मिली, साखर 35 ग्रॅम, लोणी 40 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम. यातला 25 ग्रॅम मैदा आधी बाजूला काढून 125 मिली पाण्यात कालवायचा आणि मंद आचेवर खळ होईपर्यंत हलवायचा. साधारण 65 अंशांना ती दाटते. गार करून मगच कणकेत घालायची. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाव दोन दिवस मऊ राहतो. गर्दीच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण पाव आदल्या दिवशीच उरकता येतात. साधारण 42 ग्रॅमचे 20 गोळे, 24 बाय 30 सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये चार-पाचच्या ओळींत. गोळ्यांमध्ये बोटभर जागा ठेवायची, फुगल्यावर ते आपोआप जुळतात. 180 अंशांवर 18 ते 20 मिनिटं.

हे प्रमाण थंडीतलं. होळी झाली की आपल्याकडे सगळं बदलतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 43-44 ला टेकतो, आणि त्या हवेत कणीक बघता बघता दुप्पट होते. घाईने फुगलेल्या पावाला चव येत नाही, उलट आंबूस दारूसारखा वास येतो. उन्हाळ्यासाठी मी यीस्ट 3 ग्रॅमवर आणलं, दूध फ्रीजमधलं थेट बर्फगार घेतलं आणि मळलेली कणीक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी साडेपाच-सहाला गोळे वळायचे, ऊन चढायच्या आत पाव भाजून बाहेर. गोळे फुगताना कूलरच्या खोलीत ठेवले तर पापुद्रा धरत नाही, कारण हवा ओलसर असते. मात्र थेट झोतात नकोत.

चिकनचा थर

आठ-दहा माणसं असतील तर तव्याला पर्याय नाही. 40 ग्रॅमचा गोळा, खाली पातळ कांदा, वरून बटर पेपर ठेवून वाटीच्या सपाट बुडाने दाबायचा. चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर जो तपकिरी पापुद्रा धरतो तो ओव्हनमध्ये तसा येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण 60 पॅट्या तव्यावर करायच्या म्हणजे करणारा माणूस गच्चीवरच्या गप्पांत दिसणारच नाही. 30 बर्गरच्या पुढे मी अख्खा थर भाजतो.

खाटकाला लेगचं बोनलेस सांगायचं आणि खिमा एकदाच काढायला लावायचा. छातीच्या मांसाचा खिमा भुसभुशीत होतो. एका लादीला 900 ग्रॅम खिमा, गोठवून किसलेलं 50 ग्रॅम लोणी, मीठ, आलं-लसूण, आणि एक चमचा खान्देशी काळा मसाला. मसाल्याचा हात इथे आखडता हवा. शेवभाजीत घालतो तसा घातला तर चीज, कांदा, पाव सगळं त्याखाली दबतं. एकच चमचा घातला तर घासाच्या शेवटी खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा भाजका वास मागे राहतो, आणि तो फार सुंदर लागतो.

चिकनचा थर भाजताना आकसतो. म्हणून तो पावाच्या ट्रेपेक्षा मोठ्या, 28 बाय 34 सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये पसरायचा. भाजून झाला की बरोबर लादीच्या मापाचा होतो. पसरल्यावर जाड विणायच्या सुईने सगळीकडे भोकं पाडायची, ती व्हाइट कॅसलचीच युक्ती. 220 अंशांवर 10-12 मिनिटं, शेवटची दोन वरच्या रॉडवर. प्रोबचा, म्हणजे मांसात टोचायचा, थर्मामीटर घेणं मी प्रत्येकाला सुचवीन. मधोमध 74 अंश दिसले की चिकन शिजलं. ट्रेमध्ये जे पाणी सुटतं ते टाकायचं नाही. अर्धा किलो पातळ चिरलेला कांदा त्यातच कढईत मऊ करायचा, पाणी पूर्ण आटेपर्यंत. पांढरा कांदा मिळाला तर जास्त गोड लागतो.

कच्ची केळी

आमच्याकडे आत्या, मामी आणि बरीच मोठी माणसं मांसाहार करत नाहीत. त्यांच्यापुढे बटाट्याची टिक्की ठेवायची मला इच्छा नव्हती. तिची चव सगळ्यांना पाठ आहे, शिवाय वाफेत ती गिच्च होते. रावेर-यावलकडे केळी हिरवीच कापून गाड्यांत भरतात, पिकवतात ती पुढे जाऊन. त्यामुळे कापणी चालू असेल तेव्हा कच्च्या फण्या हव्या तेवढ्या मिळतात.

केळी सालीसकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या करून घ्यायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट बसतो आणि किसलेलं केळ सुटं राहतं. गरम असताना कुस्करलं तर चिकट गोळा होतो. चीक हाताला लागू नये म्हणून तेल चोळून घ्यावं. 600 ग्रॅम केळाच्या किसात 250 ग्रॅम उकडून कोरडी केलेली मोडाची मटकी (अर्धी भरड, अर्धी अख्खी), 80 ग्रॅम दाण्याचा जाडसर कूट, 60 ग्रॅम पोह्यांची पूड, ठेचा, काळा मसाला, कोथिंबीर. दाण्याचा कूट आवर्जून जाडच हवा, चावताना तोच दाताखाली येतो. हा थर आकसत नाही, म्हणून लादीच्याच मापाच्या ट्रेमध्ये थापायचा. दोन्ही बाजूंना तेल लावून 200 अंशांवर 25 मिनिटं. शाकाहारी ट्रे, सुरी, ब्रश वेगळे ठेवले आणि या दोन लाद्या आधी भाजून घेतल्या.

माझ्या मते चिकनपेक्षा हा थर जास्त जमून आलेला आहे. आमचे जिभाऊ एरवी पावाला हात लावत नाहीत. त्यांनी दोन संपवले आणि म्हणाले, "माले आखो दोन दे" (मला आणखी दोन दे). आत्याचं म्हणणं पडलं, "मिरची जराशी कमी शे रे." पुढच्या वेळी केळीच्या लादीत ठेचा दीडपट घालणार आहे.

चीज आणि बाकीचं

चीज प्रोसेस्डच घ्या. त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार असतात, ते कॅल्शियमला अडकवून प्रथिनं मोकळी करतात. त्यामुळे चीज तेल न सोडता सारखं वितळतं. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी हे तंत्र शोधलं, ते चीज उष्ण प्रदेशांत टिकावं म्हणून. खान्देशाच्या उन्हाळ्याला याहून सोयीचं चीज नाही. मोझरेला चवीला चांगलं, पण लादीत नको. एक बर्गर उचलला की तार शेजारच्या दोघांना ओढून आणते. पनीर तर वितळतच नाही. एका लादीला 12 स्लाइस पुरतात. त्या थर गरम असतानाच अंथरायच्या.

सॉस म्हणून हिरव्या मिरचीचा ठेचा आणि चक्का. मिरच्या आणि लसूण तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत भाजून, मीठ घालून ठेचायचे आणि दाट चक्क्यात कालवायचे. कच्च्या अंड्याचं मेयोनीज आपल्या एप्रिलमध्ये मी करत नाही आणि कुणी करू नये. टोमॅटो आणि कोबीची पानंही वगळली. दोन्ही पाणी सोडतात आणि लादीचा खालचा थर भिजवतात. आंबटपणा काकडीतून येतो. व्हिनेगर आणि पाणी समभाग, मीठ, थोडी साखर, मोहरीचे दाणे, आणि भरपूर शेपू. अमेरिकेतल्या काकडीच्या लोणच्यात शेपूच असते आणि आपल्या बाजारात ती जुडीने मिळते. दोन दिवस मुरवून, घालायच्या आधी कापडावर कोरडी करून घेतली.

रचना अशी: खालच्या थराला लोणी लावून तो उलटा तव्यावर शेकायचा, मग ठेचा-चक्का, मांसाचा किंवा केळीचा थर, चीज, कांदा, काकडी, वरचा थर. लांब सुरीने पावांच्या शिवणीवरून एकदा सरळ दाबून कापायचं, पण काही हलवायचं नाही. नाहीतर खाणारा पाव तोडतो आणि आतला थर अख्खा ओढला जातो. वरून लोणी-लसूण-तीळ. फॉइल झाकून 170 अंशांवर 12 मिनिटं, मग फॉइल काढून तीन.

माझ्या ओटीजीत (छोट्या घरगुती ओव्हनमध्ये) एका वेळी एकच ट्रे बसतो. पण एक लादी आत, एक सुती कापडात गुंडाळून टोपलीत आणि एक समोर, असं चक्र चालू ठेवलं की पंगत थांबत नाही. चिकनची रचलेली लादी मात्र बाहेर ताटकळत ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर शिजलेलं मांस तासाभराच्या आत खाऊन व्हायला हवं. म्हणून थर आधी भाजून गार करून फ्रीजमध्ये ठेवले होते आणि रचना लादी ओव्हनमध्ये जायच्या वेळीच केली. असं केलं तर चीजचा थर गरम मांसावर बसत नाही, तेव्हा फॉइलखालची पाच मिनिटं वाढवायची आणि थर्मामीटर पुन्हा 74 दाखवतो का ते बघायचं.

पुढचं काम

थंडीतली एक लादी आखाजीला करता आली नाही, ती भरिताची. चिकन किंवा केळीच्या थरावर कांद्याऐवजी भरीत. आपलं मोठं, फिकट हिरवं भरिताचं वांगं, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काड्यांच्या जाळावर भाजून, मिरची-लसणासोबत ठेचून, कांद्याच्या पातीची फोडणी देऊन. त्यात बिया कमी आणि गर दाट असल्यामुळे ते पाणी सोडत नाही, आणि काड्यांचा धूर ओव्हनच्या बर्गरला जी उणीव असते ती भरून काढतो. यंदा शेतात भरीत पार्टीची पहिली वांगी निघाली की दोन ट्रे करणार.

सध्या पावात कळण्याचं पीठ घालून बघतोय. ज्वारी-उडदाचं हे पीठ मैद्याच्या 10 टक्के घातलं तर लादी फुगायला काही फरक पडत नाही आणि कडांना भाकरीचा वास येतो. 15 टक्क्यांना 20 मिली दूध जास्त लागतं आणि पाव थोडा बसका होतो, तरी आडवी कापताना तुटत नाही. 20 टक्क्यांची लादी या आठवड्यात फ्रीजमध्ये आहे.