तुम्ही विचारलंत म्हणून : राक्षस शिंकला तर?

मी मुलांसाठी राक्षसांच्या आणि अंगठ्याएवढ्या माणसांच्या गोष्टी लिहिते, आणि पुण्यात कुठेही कथावाचनाला गेले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : राक्षसाचे एक पाऊल चुकले तर ज्याचा चेंदामेंदा होईल, त्याची राक्षसाशी मैत्री खरी कशी मानायची? मोठी माणसे हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना बहुधा समाजाविषयी काहीतरी ऐकायचे असते. मुले मात्र थेट मुद्द्यावर येतात. एरंडवण्यातल्या एका वाचनाच्या वेळी सात-आठ वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, "राक्षस शिंकला तर?" त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली, याची रुखरुख अजून आहे.

पाऊल चुकण्याची भीती खरीच आहे, पण ती राक्षसालाही कळते, म्हणून तो जपून पाऊल टाकतो. मला लिहिताना छळते ती वेगळीच गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात स्वयंपाकघराला शहाबादी फरशी होती. एका दुपारी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक मुंगळा खाली पडताना मी पाहिला. त्याच्या आकाराच्या हिशेबाने तो कडेलोटच होता; पण तो क्षणभर थांबला, मिशा हलवल्या आणि चालू लागला. थोड्या वेळाने तोच (निदान मी तोच मानला) माठाखाली सांडलेल्या पाण्याच्या एका थेंबात अडकलेला दिसला. मागचे पाय आणि पोट थेंबात, पुढचे पाय फरशीवर, आणि ओढून ओढून थेंब काही सुटेना. मला दया आली म्हणून मी हलकेच फुंकर घातली, तर मुंगळा माझ्या दयेसकट मोरीत जाऊन पडला.

यामागचा हिशेब सोपा आहे. उंची दहापटीने कमी केली तर अंगाचे क्षेत्रफळ शंभरपटीने घटते आणि वजन हजारपटीने. पडताना हवेचा विरोध क्षेत्रफळावर ठरतो आणि आपटण्याचा जोर वजनावर, त्यामुळे लहान जीव अलगद उतरतो. पाणीही अंगाच्या पृष्ठभागालाच चिकटते, आणि तिथे मात्र हाच हिशेब लहानाच्या मुळावर येतो. पुढे भारताचे नागरिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मधल्या एका निबंधात हे मांडले होते : न्हाऊन बाहेर आलेला माणूस अंगावर साधारण अर्धा किलो पाणी वागवतो, भिजलेला उंदीर जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके, आणि भिजलेली माशी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. राक्षसाचे गणित नेमके उलटे. दहापट उंच राक्षसाचे वजन हजारपट होते, पण हाडांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, ज्यावर त्यांची ताकद ठरते, शंभरपटच वाढते. हे गॅलिलिओने 1638 मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे साधी ठेच लागून राक्षस कोसळला तर त्याची मांडी मोडणार.

आता या दोघांची मैत्री झाली असे समजा. राक्षस आपल्या मित्राला सारखा बजावणार, "टेबलाच्या कडेला जाऊ नकोस, पडशील," कारण पडणे हे त्याचे स्वतःचे भय आहे. आणि मग मायेने त्याला वाटीभर कोमट पाण्यात आंघोळीला बसवणार. इकडे तो चिमुकला, ज्याला पडण्याचे काहीच वाटत नाही, राक्षसाच्या खांद्यावर बसून म्हणणार, "अरे, मार की उडी त्या ओढ्यावरून!" दोघांच्याही मनात पाप नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला स्वतःच्या मापाने जपतो आहे, आणि या गोष्टींत माणसे मरतात ती बहुतेक अशीच.

जोनाथन स्विफ्टच्या 1726 मधल्या कादंबरीतल्या गलिव्हरला महाकाय माणसांच्या देशात एका माकडाने पळवले, ते याच जातीचे. त्याने गलिव्हरला मारले नाही. आपल्याच जातीचे पिल्लू समजून छातीशी धरले, छपरावर नेले आणि स्वतःच्या गालफडातला घास त्याच्या तोंडात कोंबला. त्या देशातल्या महाकाय गांधीलमाश्यांपेक्षा मला हे माकड जास्त भयंकर वाटते.

आपल्याकडे वालखिल्यांची कथा आहे. महाभारताच्या आदिपर्वात कश्यपाच्या यज्ञासाठी इंद्र लाकडांचा डोंगर सहज उचलून आणत होता, आणि अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी सगळे मिळून पळसाचे एक देठ वाहत होते. गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात ते धडपडत होते. ते पाहून इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून गेला. गोष्ट सांगणाऱ्याला ते चिमूटभर पाणी दिसले, इंद्राला दिसले नाही. वालखिल्यही काही गरीब बिचारे नव्हते. त्यांनी दुसरा इंद्रच निर्माण करायचा यज्ञ मांडला, आणि शेवटी कश्यपाला मध्यस्थी करून तो नवा इंद्र पक्ष्यांचा, म्हणजे गरुड, होईल अशी तोड काढावी लागली.

मला अधिक आवडतो तो पुढचा भाग. भुकेला गरुड हत्ती आणि कासव नख्यांत धरून वडाच्या फांदीवर बसतो, फांदी मोडते, आणि तिला वालखिल्य खाली डोके करून लटकलेले असल्याचे त्याच्या ध्यानात येते. ते मरतील म्हणून तो फांदी चोचीत धरतो आणि उडत राहतो. खाली ठेवावी तर जागा नाही, चोच उघडावी तर फांदी पडणार, आणि नख्यांत अन्न असून खाता येत नाही. कश्यपाने विनवल्यावर ते ऋषी आपणहून उतरून हिमालयाकडे जातात, तेव्हाच तो सुटतो. याला मैत्री म्हणावे की नाही, यावर माझा स्वतःशी वाद चालू असतो. पण मोठ्याने लहानासाठी आपली ताकद रोखून धरण्याचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे सापडलेले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी माझी सिंहगडाची गोष्ट पुन्हा लिहिली. आधीच्या खर्ड्यात राक्षस मित्राला नारळाच्या करवंटीत न्हाऊ घालत असे. ते दृश्य मला फार लाडके होते, ते काढून टाकले. आता तो त्याला ऊन दगडावर बसवतो आणि ओल्या कापसाच्या टोकाने पुसतो. चिमुकला राक्षसाच्या कानाच्या पाळीवर बसून वाटेतले सुटे दगड आधी सांगतो. आणि शिंक येऊ लागली की राक्षस मान वळवतो, उपरणे तोंडावर दाबतो आणि दुसऱ्या हाताची ओंजळ कानावर धरतो.

पुढच्या वाचनाला ती मुलगी पुन्हा आली होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "आणि पावसाळ्यात?"

या वेळी उत्तर तयार होते. पावसाळ्यात ते दोघे गडावर जात नाहीत.