त्स्वेचगेनदाची: जर्मन प्लम केक आणि रसाचा बंदोबस्त

प्लम केक म्हटले की आपल्याकडे नाताळातला, सुकामेवा घातलेला गडद तपकिरी केक आठवतो. जर्मनीतल्या प्लम केकचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो उन्हाळ्याच्या उतरणीला, ताज्या फळांचा आणि मोठ्या ट्रेमध्ये पातळ थापून केला जातो. बव्हेरियात त्याला त्स्वेचगेनदाची म्हणतात. मी राहतो ते आउग्सबुर्ग शहर त्याचे माहेर मानले जाते, इतके की शहराला लोक गमतीने दाचीबुर्ग म्हणतात. ऑगस्टमध्ये इथल्या बेकऱ्यांच्या काचेआड हे केक मांडले जातात आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या निवांत बसलेल्या असतात. विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नसते.

या केकसाठी कुठलाही प्लम चालत नाही. लागते ती त्स्वेचगे, म्हणजे लांबट, टोकांकडे निमुळती आणि निळसर जांभळी जात. तिच्या सालीवर पांढुरका मेणचट थर असतो आणि बोट फिरवले की खालचा गडद रंग उघडा पडतो. गोल, रसाळ प्लमपेक्षा हिचा गर घट्ट असतो, त्यात पाणी कमी असते आणि बी अलगद सुटते. लवकर येणारी वाणे जुलैच्या अखेरीस बाजारात दिसू लागतात. बाडेन प्रांतातले ब्यूल हे गाव अशाच एका लवकर पिकणाऱ्या वाणासाठी प्रसिद्ध असून तिथे 1927 पासून त्स्वेचगेचा उत्सव भरतो. माझ्या मते मात्र खरी चव सप्टेंबरात येणाऱ्या हाउसत्स्वेचगे या वाणाची. देठापाशी किंचित सुरकुतलेली फळे पाहून अनेक जण ती बाजूला सारतात. मी नेमकी तीच निवडतो, कारण ती झाडावर पुरती पिकलेली आणि सर्वांत गोड असतात.

तळाचे पीठ यीस्टचे असावे की लोण्यात मळलेले खुसखुशीत असावे, यावर आउग्सबुर्गमध्ये एकमत नाही. मी यीस्टच्या बाजूचा आहे, कारण ते पीठ वरून रस पिते आणि तरीही खाली लुसलुशीत राहते. एका ट्रेसाठी 500 ग्रॅम मैदा, 250 मिलिलिटर कोमट दूध, 80 ग्रॅम साखर, 80 ग्रॅम मऊ लोणी, एक अंडे, चिमूटभर मीठ आणि 21 ग्रॅम ताजे यीस्ट लागते. इथे ताजे यीस्ट 42 ग्रॅमच्या वडीत मिळते, म्हणजे अर्धी वडी पुरते. दूध बोटाला जेमतेम कोमट लागावे, कारण गरम दुधात यीस्ट मरते. पीठ आठ-दहा मिनिटे चांगले मळून ते दुप्पट होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, झाकून ठेवावे आणि मग लोणी लावलेल्या ट्रेमध्ये हातानेच पसरावे.

पीठ फुगेपर्यंत फळे चिरून होतात. फळाला एकाच बाजूने उभी चीर द्यायची, बी काढायची, पण दोन्ही अर्धी एकमेकांना जोडलेलीच ठेवायची. मग प्रत्येक अर्ध्याच्या टोकाला सेंटिमीटरभर आणखी एक छेद द्यायचा, म्हणजे फळ उघडून त्याला वर टोके फुटतात. दीड ते दोन किलो फळे अशी चिरता चिरता अंगठ्याला जांभळट डाग पडतो आणि तो साबणालाही लवकर दाद देत नाही. ही फळे चिरलेली बाजू वर करून कौलांसारखी एकमेकांवर किंचित चढवत ओळीने लावायची. ओळी अगदी दाटीने लावाव्यात, कारण भट्टीत फळ आकसते आणि सैल लावलेल्या ओळींमधून पिठाचे टक्कल दिसू लागते.

या केकचे सारे कसब रसाच्या बंदोबस्तात आहे. फळांखाली ब्रेडचा कोरडा चुरा किंवा बदामाची पूड भुरभुरतात. ती पहिला रस शोषून घेते. केक भट्टीत जाण्याआधी फळांवर साखर अजिबात घालायची नाही, कारण ती फळातले पाणी बाहेर ओढते आणि तळ चिकट, कच्चा राहतो. भाजल्यावर फळ अधिक आंबट लागते, हे खरे. पण त्यावरचा उपाय केक बाहेर आल्यानंतर करायचा असतो. 200 अंशांवर, भट्टीच्या खालच्या भागात, 30 ते 40 मिनिटे भाजावे. फळांची टोके काळपट झाली, पिवळसर हिरवा गर सालीच्या रंगाने लालजांभळा झाला आणि कोपरा उचलून पाहिल्यावर तळ बदामी दिसला, की केक झाला. गरम असतानाच त्यावर दालचिनी मिसळलेली साखर पेरावी.

पुष्कळ घरांत आणि बेकऱ्यांत फळांवर मैदा, लोणी आणि साखरेचा रवाळ चुरा, म्हणजे श्ट्रॉयझल, घालून भाजतात. तो कुरकुरीत लागतो, यात वाद नाही. पण ज्या आंबटपणासाठी हा केक करायचा, तोच त्याखाली झाकला जातो, म्हणून मी तो घालत नाही. सोबत फेटलेली बिनसाखरेची साय मात्र हवीच. बहुतेक ठिकाणी हा केक दुपारच्या कॉफीबरोबर खातात. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील जारलांड राज्यात मात्र तो फरसबीच्या सूपबरोबर चक्क जेवणात असतो. ऐकायला हे विचित्र वाटते, पण तळाचे पीठ फारसे गोड नसल्यामुळे ही जोडी छान जमते.

भारतात हा केक करायचा तर हिमाचलचे प्लम वापरावे लागतील. ते गोल आणि फार रसाळ असतात आणि त्यांची बी गराला चिकटलेली असते. त्यांच्या फोडी करून त्या साल खाली ठेवून लावाव्यात आणि ब्रेडचा चुरा दुप्पट घ्यावा. ताज्या यीस्टऐवजी 7 ग्रॅम कोरडे यीस्ट चालते. पुण्या-मुंबईच्या उष्म्यात पीठ तासाच्या आतच फुगते, त्यामुळे घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष ठेवावे. लहान ओव्हनसाठी सर्व प्रमाण निम्मे घ्यावे.

यीस्टचा केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडू लागतो. थोडा वेळ ओव्हनमध्ये गरम केला की पुन्हा मऊ होतो. हंगामात फळे जास्त झाली तर इथले लोक बिया काढून ती फ्रीझरमध्ये ठेवतात आणि हिवाळ्यात गोठलेलीच पिठावर मांडतात. आधी वितळू दिली तर सारा रस भांड्यातच उतरतो.