तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सफरचंदाच्या व्हिस्कीत मी काय घालते

दसरा झाला की बॉस्टनच्या आसपास मराठी घरांत एकमेकांकडे जेवायला जाणं-येणं सुरू होतं. आमच्याकडे जेवून गेलेल्यांपैकी कुणाचा तरी दुसऱ्या दिवशी मेसेज येतोच: "ताई, ती फॉलवाली व्हिस्की कशी केली होतीत? दालचिनी होती ना त्यात?" (फॉल म्हणजे इथला शरद ऋतू.) आता पुण्याहूनही विचारणा व्हायला लागली आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दालचिनी नव्हती. लवंग, जायफळ, भोपळा, काहीच नव्हतं. होता तो आटवलेला सफरचंदाचा रस. ग्लासात जो ऑक्टोबर लागतो तो सगळा त्यातून येतो.

इथे सायडर म्हणतात तो सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, तपकिरी रस. त्यात दारू नसते. सप्टेंबरपासून बागांमध्ये आणि साध्या सुपरमार्केटातही अर्ध्या गॅलनच्या कॅनमधून मिळतो. मी बागेतलाच आणते, कारण बागवाले सहसा चार जातींची फळं एकत्र पिळतात. मॅकिंटॉश वासाला, कॉर्टलंड गोडीला, आणि नशीब जोरावर असेल तर त्यात खरखरीत सालीचं रॉक्सबरी रसेटही असतं. ही जात १७व्या शतकातली, बॉस्टनच्याच रॉक्सबरीची. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या जातींत तिची गणना होते. लेबल तेवढं वाचा. वरून घातलेली साखर नको आणि प्रिझर्व्हेटिव्हही नको, कारण रस आटला तरी ते मागेच राहणार.

हा रस आटवून ठेवायची न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्याची, जुनी रीत आहे. व्हरमाँटमध्ये आजही 'बॉइल्ड सायडर' नावाने त्याच्या बाटल्या विकतात, साधारण सात भागांचा एक भाग केलेला. विकत आणलात तरी चालेल, पण घरी करण्यात अवघड काही नाही. रुंद तोंडाचं स्टीलचं पातेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं नको, रस आंबट असतो. अर्धा गॅलन, म्हणजे जवळपास १.९ लिटर रस मध्यम आचेवर ठेवा, वर येणारा फेस काढत राहा आणि खुशाल दुसऱ्या कामाला लागा. दीड-दोन तास जातात.

शेवटची पंधरा मिनिटं मात्र तिथेच उभं राहायचं. रस पातळ असतो तोवर बुडबुडे मोठे आणि खळखळ आवाज करणारे असतात. आटत आला की ते बारीक, चकचकीत होतात, एकावर एक चढायला लागतात आणि पातेल्याचा आवाज खाली बसतो. डाव फिरवला की क्षणभर तळ दिसतो. तेव्हा गॅस बंद. गरम असताना पातळच वाटेल, गार झाल्यावर काकवीइतका दाट होतो. मोह पडून आणखी पाच-सात मिनिटं ठेवलात, तर सफरचंदातलं पेक्टिन त्याची जेली करून टाकतं. ती पोळीला लावायला उत्तम, पण थंड व्हिस्कीत विरघळत नाही.

गार झालेला थेंबभर चाखून बघा. आधी गोड, आणि लगेच जबड्याच्या कोपऱ्यात आंबट. पाणी उडून गेलं तरी सफरचंदातली मूळची आंबट चव जागेवरच राहते, म्हणून इथे लिंबू पिळावं लागत नाही. सरळ सफरचंदाचा ज्यूस व्हिस्कीत ओतला तर हे होत नाही. तो ग्लास पाणचट होतो, आणि ना ज्यूस लागत ना व्हिस्की.

आता ग्लास. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मसाल्यांचा नि मुळ्यांचा कडू अर्क, जो थेंबांनीच घालतात. माझं कॉकटेल त्याच्या पलीकडे गेलेलं नाही. साखरेच्या जागी आटवलेला सायडर, एवढाच काय तो फरक. ६० मिलि राय व्हिस्की, १२ ते १५ मिलि सायडर, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिडकावे. हे मोठ्या ग्लासात भरपूर बर्फावर अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं. शेकरमध्ये हलवायचं नाही, त्याने ते फेसाळ आणि गढूळ होतं. पाणी हा चौथा घटक बर्फ विरघळून येतो, म्हणून ढवळण्यात कंजुषी नको. मग बर्फाचा एकच मोठा तुकडा असलेल्या ग्लासात गाळून घ्या, वरून संत्र्याच्या सालीची पट्टी पिळा. सालीतलं तेल पृष्ठभागावर उडताना दिसतं, आणि पहिल्या घोटाच्या आधी नाकाला तेच लागतं.

राय का? बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत कायद्यानेच किमान ५१ टक्के मका असतो आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरते. मक्याची गोडी, पिंपाचा व्हॅनिला आणि वर सायडर, म्हणजे मिठाईच झाली. रायमध्ये किमान ५१ टक्के राय हे धान्य असतं आणि त्याला स्वतःचा तिखटपणा आहे. बर्बनच घरात असेल तर सायडर दहा मिलिवर आणा. महागडी बाटली यासाठी फोडू नका, ती नुसती प्या.

दालचिनीबद्दल मी एवढी ठाम का, तर बिटर्समध्ये आधीच लवंग-दालचिनीचा भास असतो. १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने पोटासाठी बनवलेला हा काढा, आता तो त्रिनिदादमध्ये तयार होतो. त्यावर आणखी मसाला टाकला की सफरचंद गुदमरतं. स्टारबक्सने २००३ साली पंपकिन स्पाइस लाटे, म्हणजे भोपळ्याच्या गोड पदार्थांत पडतो तो दालचिनी-जायफळाचा मसाला घातलेली कॉफी, आणली, तेव्हापासून इथे शरद ऋतू म्हणजे मसाल्याची पूड असं समीकरणच झालं आहे. ग्लासात उभी केलेली दालचिनीची कांडी तर निव्वळ फोटोपुरती. थंड पेयात ती काहीही सोडत नाही, फक्त नाकात टोचते. हवीच असेल तर सायडर आटत आला की दहा मिनिटं बोटाच्या पेराएवढा तुकडा टाका आणि काढून घ्या.

मेपल सिरपचंही विचारता. घालायचं तर चहाचा एक चमचा, आणि तेवढाच सायडर कमी करायचा. गंमत अशी की मेपलच्या झाडाची पानं लाल होतात ऑक्टोबरात, पण ज्याचा हा पाक करतात तो खोडातला रस निघतो थंडी ओसरताना, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कुठे लिटरभर होतो. म्हणजे ही चव खरं तर वसंतातली. पण लोकांनी ठरवलंय ती फॉलची, तर असू दे.

पुण्या-मुंबईतल्यांसाठी: तिकडे ऑक्टोबर म्हणजे घाम, पण हिमाचल-काश्मीरची सफरचंदं बाजारात तेव्हाच असतात. दोन किलो मिक्सरमधून काढून पंचातून पिळली की लिटरभर रस निघतो, आटून दीडशे मिलि होतो. काळपट पडला म्हणून घाबरू नका. लाल डिलिशस जातीत आंबटपणा कमी, म्हणून शेवटी अर्ध्या लिंबाचा रस घाला. राय शोधत फिरू नका. गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनसारखी देशी सिंगल माल्ट चांगली जमते, तिची स्वतःची फळांची गोडी असते म्हणून मेपल अजिबात नको. आणि महाराष्ट्रात यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, हे घरातल्या कॉलेजवाल्यांना आठवण म्हणून.

न पिणारे आमच्याकडे निम्मे असतात, शिवाय कुणाचा मंगळवार, कुणाची चतुर्थी. त्यांच्यासाठी हाच सायडर दोन चमचे, गार सोडा आणि तीच संत्र्याची साल. बिटर्स मात्र त्यांच्या ग्लासात नको, त्यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. आयत्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. कोजागिरीला मसाल्याचं दूध असतं तेव्हा मी हे कॉकटेल करतच नाही. दुधावर आंबट, आणि तेही व्हिस्कीसोबत, सांगायलाच नको.

दहा जण असतील तर प्रत्येकासाठी ढवळत बसू नका. लिटरच्या बाटलीत ६०० मिलि राय, १२५ मिलि सायडर, चहाचे दोन चमचे बिटर्स आणि १५० मिलि पाणी घालून हलवा आणि सकाळीच फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाचं पाणी आधीच घातलंय, तेव्हा संध्याकाळी नुसतं मोठ्या बर्फावर ओतायचं आणि साल पिळायची. उरलेला सायडर झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. आमच्याकडे तो थालीपिठावरच संपतो.