पानाची खालची बाजू

ऑक्टोबर छाटणीनंतर पावसानं गाठलं की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कोणाला धड झोप नसते. दिंडोरीपासून निफाडपर्यंत एकच विषय, डाऊनी, म्हणजे द्राक्षवेलीचा केवडा रोग, आला का? माझं काम तसं बागेच्या बाहेरचं. मी जी.डी. आर्ट केलेला माणूस. द्राक्षपेट्यांची डिझाइनं, बेदाण्याची पाकिटं, लग्नसराईत पत्रिका. वनस्पतिरोगशास्त्राच्या एका मॅडमना डाऊनीच्या जीवनचक्राचं चित्र हवं होतं, शोधनिबंधातही चालेल आणि शेतकरी मेळाव्यात भिंतीवरही लागेल असं. असली दोन्हीकडची कामं मी सहसा टाळतो. दोघंही नाराज होतात.

फोटोवरून काढणार नाही, आधी बघणार, एवढी एकच अट मी घातली होती. म्हणून सकाळी प्रयोगशाळेत गेलो. तेलकट डाग पडलेली पानं मॅडमनी आदल्या संध्याकाळी ओल्या कागदावर, झाकणबंद बशीत, अंधारात ठेवली होती. या रोगाला बीजाणू धरायला अंधार लागतो आणि हवा जवळपास पूर्ण दमट लागते. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती लव राहिली नाही. एकेका पर्णरंध्रातून देठ बाहेर आलेले, त्यांना जवळजवळ काटकोनात फांद्या, टोकांवर बीजाणूंच्या पिशव्या. निष्पर्ण झाडांची राई म्हणा ना. मी पेन्सिल काढली आणि तासभर कोणाशी बोललो नाही.

नंतर मॅडमनी त्या पिशव्या थंड पाण्याच्या थेंबात सोडल्या. चहा घेऊन येईपर्यंत काही पिशव्या फुटून आतले चलबीजाणू पोहायला लागले होते. सहा ते आठ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. मला नुसते पळणारे ठिपके दिसत होते, पण मॅडम म्हणाल्या, "दोन शेपट्या काढा, एक पुढे, एक मागे." मला न दिसलेली गोष्ट मी काढायची? त्यावर त्यांनी रामोन इ काहालचं उदाहरण दिलं. मज्जापेशींची चित्रं काढणारा हा स्पॅनिश शास्त्रज्ञ, 1906 चा नोबेल गोल्जीबरोबर विभागून मिळालेला. तो कित्येक नमुन्यांत पाहिलेलं एका चित्रात आणायचा. पटलं, पण शेपट्या मी बारीक तुटक रेघेनंच काढल्या.

खरी गंमत दुपारी झाली. पानं आणून देणारे बागायतदार भाऊ तिथेच बसले होते. भिंतीवरच्या जुन्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रोग वरून घुसतो ना? बाण तर वरूनच दाखवलाय." मॅडम उठल्या, तक्त्याजवळ गेल्या आणि क्षणभर बघतच राहिल्या. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात. चलबीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत रंध्रापाशी येतो, शेपट्या टाकतो, कवच धरतो आणि तिथून नळी आत घालतो. वरून दिसतो तो फक्त पिवळा डाग. "म्हणजे फवारा खालून बसला पाहिजे," भाऊ म्हणाले, "आणि आमच्याकडचा पोरगा ब्लोअर घेऊन वरवर फिरतो."

तिथेच चित्राचा आराखडा ठरला. सपाट पान रद्द. मी पानाची एक कड वळवून दाखवली, म्हणजे वरचा डाग आणि खालची लव एकाच नजरेत येते. मॅडमना भीती वाटली की रोगानंच पान मुरडतं असं कोणी समजेल. शेवटी मुरड हाताच्या बोटांनी धरलेली दाखवली. शास्त्रीय चित्रात बोटं? त्यांना आवडलं नाही, पण भाऊंना लगेच कळलं.

मग रंग. चलबीजाणूंना स्वतःचा रंग नाही आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं मुळात करड्या छटांची, रंग मागून भरलेले. म्हणजे मला मोकळं रान, असं वाटलं. पिवळा घेतला तर तो डागाचा. निळा घेतला तर भाऊ हसले. निळा म्हणजे बोर्डो. 1885 पासून, मिलार्देनं फ्रान्समध्ये मोरचूद-चुन्याचं मिश्रण डाऊनीवर वापरून दाखवल्यापासून, द्राक्षबागेत निळा हा औषधाचा रंग. नारिंगी म्हणजे तांबेरा. उरला गडद गुलाबी. बागेत त्या रंगाचं काही नसतं, म्हणून तोच पक्का.

आकारमानाचं भांडण मात्र अजून चालू आहे. पान खऱ्या मापाचं काढलं तर चलबीजाणू छापताच येणार नाही, म्हणून मी ते वेगळ्या वर्तुळात मोठे करून दाखवलेत. मॅडम म्हणतात, प्रत्येक वर्तुळाखाली मापपट्टी हवीच. मी म्हणतो, मेळाव्यात मायक्रॉन कोण वाचतो. परवा भाऊंचा फोन आला होता. त्यांना मापपट्टीशी देणंघेणं नाही, पण बोटांची नखं जरा मळकी काढा म्हणाले.